इबिदुनचा रिकामा चौकोन

इबिदुन माझ्याकडे शिकायला आली तेव्हा तिला कसाव्याची खळ धड ढवळता येत नव्हती, पण प्रश्न विचारण्यात ती पहिल्या दिवसापासून पटाईत होती. खळीत तुरटी का घालायची? मोरचूद का? पीस कोंबडीचंच का, कोंबड्याचं का नको? मी म्हणायचे, "कारण माझी आई तसंच करायची." त्यावर ती म्हणायची, "आणि त्यांची आई, इया?" इया म्हणजे आई, आमच्याकडे थोरल्या बाईला अशीच हाक मारतात, कधी लेकराचं नाव जोडून. अशा पोरीला काय उत्तर देणार! मी तिच्या हातात पीस कोंबायचे आणि म्हणायचे, काढ.

काढायची मात्र छान. पांढरं कापड पाटावर पसरून, चौकोन पाडून, एकेका चौकोनात खळीने सरडा, छत्री, विंचू, चंद्र. तोंडाचा पट्टा चालू असला तरी हात अडखळायचा नाही. आमच्या कामात जिथे खळ बसते तिथे नीळ शिरत नाही, म्हणजे आम्ही काढतो ते पांढरं राहणारं असतं. हे नव्या पोरींच्या डोक्यात शिरायला वर्ष जातं. इबिदुनच्या डोक्यात दुसऱ्याच दिवशी शिरलं आणि लगेच ती मला विचारते, "मग इया, आपण रंगवतो कुठे? आपण तर नुसतं रंगाला अडवतो."

मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी स्वतःला रंगारीण म्हणवत होते.

"रंगवते आलाके," मी म्हटलं. "जा, तिचं डोकं खा."

आलाकेचं अंगण माझ्या भिंतीपलीकडे. कोपरापर्यंत निळे हात, निळी जीभ, आणि तोंडातून शब्द निघेल तो मोजका. माठाचं झाकण काढायचं, बोट बुडवायचं, जिभेला लावायचं आणि सांगायचं, "अजून नाही." किंवा, "आण कापड." पूर्वी तिच्याकडे माठांची रांग होती. बाजारात पुड्यांचा रंग आला आणि एकेक माठ बंद पडला. आता पानांच्या गोळ्यांची आणि राखेच्या पाण्याची खरी नीळ फक्त एका माठात उरली होती. त्या माठाचा एक नियम आमच्या सगळ्या इतोकू वस्तीला माहीत होता असं म्हटलं तरी चालेल: त्याच्याजवळ भांडायचं नाही. रंगारणींची देवी इया मापो, तिला आवाज चढलेला खपत नाही, माठ रुसतो. दुसरा नियम असा की नक्षीवालीने माठात हात घालायचा नाही आणि माठवालीने चौकोन वाचायचे नाहीत. तिचं काम तिच्यापाशी, माझं माझ्यापाशी.

तर इबिदुन तिथे गेली आणि तिने पहिल्यांदा कापड माठातून वर येताना बघितलं. ते निळं नसतं. वर येतं तेव्हा हिरवं असतं, ओलं, चमकदार हिरवं. मग वारा लागतो आणि बघता बघता ते निळं होतं. आम्ही जन्मभर ते बघत आलो आणि कधी बघितलंच नाही. आमच्यासाठी ते निळं व्हायच्या आधीचं काहीतरी होतं, भात व्हायच्या आधीच्या तांदळाच्या पेजेसारखं.

पोरगी धावत माझ्याकडे आली. "इया, हिरवा कुठे गेला?"

"कोण हिरवा?"

"कापडावर होता तो!"

"निळा झाला."

"पण गेला कुठे?"

झालं. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. तो हिरवा पकडायचाच, असं तिने ठरवलं. आलाकेकडून माठातलं वाटीभर पाणी मागून आणलं आणि मधाच्या बाटलीत काठोकाठ भरून बूच लावलं. आत ते पिवळंहिरवं राहिलं. बूच काढलं की वरती निळी साय. ओलं कापड तिने नायलॉनच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवलं, तर घडीच्या आत हिरवं आणि उघडलं की ते तिच्या डोळ्यांदेखत पळालं. मोबाईलवर फोटो काढला. फोटोत तो हिरवा सडक्या भेंडीसारखा दिसत होता. एकदा तर उकडलेल्या सुरणाचा तुकडा माठाच्या पाण्यात बुडवून बघितला. आलाके म्हणाली, "खा आता. उद्या कळेल कुठे गेला तुझा हिरवा." मी पोट धरून हसले.

मग मीच एकदा दया येऊन तिला सांगितलं की ओरुवोच्या मुळ्या उकळून कापड आधी पिवळं कर, मग निळीत घाल, हिरवं होईल आणि टिकेल. तिने केलं. छान हिरवं कापड निघालं, धुतलं तरी जाईना. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत बसली.

"काय गं? झालं ना हिरवं?"

"झालं, इया. पण हा तो नाही. हा हलत नाही."

"रंग कधी हलतो होय?"

"तो हलतो," ती म्हणाली आणि ते कापड घडी करून ठेवून दिलं. पुन्हा म्हणून त्याला हात लावला नाही.

हे सगळं चाललं असताना तिच्या फ्रीडमचे दिवस आले. आमच्याकडे शिकाऊ पोरीला वर्षातून एकदाच मोकळं करतात, हरमाटनचा कोरडा वारा सुटला की. मेळ्याच्या, म्हणजे आमच्या रंगारणींच्या संघाच्या, सगळ्या बाया जमतात. पोरीने स्वतः केलेलं कापड दोरीवर टाकायचं आणि बायांनी एकेका चौकोनाचं नाव मोठ्याने वाचायचं. सगळे चौकोन वाचले गेले तर पोरगी मोकळी, ते कापड गुरूच्या घरी राहतं आणि पोरगी आपली वाट धरते. एक जरी चौकोन वाचायचा राहिला तर पुन्हा एक वर्ष गुरूच्या पाटाशी बस. इबिदुनची मोठी बहीण एबुन इबादानला राहते. तिने रस्त्यावरची पडवी इबिदुनला धंदा मांडायला धरून ठेवली होती आणि घरमालकाने बजावलं होतं की या हंगामात नाही आलात तर पडवी केस विंचरणाऱ्या बाईला देणार. म्हणजे इबिदुनला वर्ष घालवून चालणार नव्हतं.

कापड तिने फार देखणं काढलं. मी चूक शोधत होते, सापडेना. फक्त अगदी मधोमध एक चौकोन तिने मोकळा सोडला होता. खळीचा एक टिपकाही नाही.

"हा राहिला," मी म्हटलं.

"राहिला नाही, इया. सोडलाय."

"कशासाठी?"

"हिरवा यायला जागा हवी ना. नक्षी असली की तो तुकड्यातुकड्यांत दिसतो."

"आणि निळा झाल्यावर काय दिसणार? शेण? मेळा काय वाचणार तिथे?"

ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, एवढं मला एव्हाना कळत होतं. ती खळ वाळलेलं कापड घेऊन आलाकेकडे निघाली, तशी मी खळीची वाटी आणि पीस घेऊन तिच्या मागे गेले.

"इबिदुन, भर तो चौकोन."

"नाही भरणार."

"मी सांगतेय, भर!"

"इया, कापड माझं आहे."

"नाकापेक्षा मोती जड झाला का गं? चार वर्षं माझ्या घरचं अमाला खाऊन तू मला कापड कुणाचं ते सांगतेस?"

मग तिचाही आवाज चढला आणि माझा तर आधीच चढलेला होता. आम्ही माठाच्या अगदी तोंडाशी उभ्या होतो, हे दोघींच्याही लक्षात राहिलं नाही. आलाकेने माठावर झाकण आदळलं. "निघा," ती म्हणाली. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी माठ मेलेला होता. वरची तांबूस साय गेली होती आणि तो उग्र वास, जो गल्लीच्या टोकापर्यंत यायचा, तोही नव्हता. आलाकेने बोट जिभेला लावलं आणि थुंकली. आमच्या दारात येऊन ती मला म्हणाली, "इया तिनुके, तुमच्या भांडणाने माझा माठ मारला." मी खरोखर घाबरले होते. शेवटचा माठ होता तो.

इबिदुन आतून बाहेर आली आणि सरळ आलाकेसमोर गुडघे टेकून बसली.

"भांडण नाही, मोठ्या इया. मी मारला. तुम्ही बाजारात गेलात की मी रोज झाकण काढून ढवळायचे. हिरवा वर आलेला बघायला. पुन्हा ढवळायचे, पुन्हा बघायचे. हिरव्याला वारा लागला की तो जातो, हे मला बाटलीत कळलं होतं. तरी मी माठालाच वारा पाजला."

मला वाटलं, आता ही तिला झाडू घेऊन हाकलणार, आणि मी अडवणारही नव्हते. आलाकेने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भांडण म्हणजे तरी काय असतं," ती म्हणाली. "वाराच." आणि मग इबिदुनला, "तू निजवलास, तूच उठव."

उठवायचं म्हणजे काय, ते मी तेव्हा पहिल्यांदा जवळून बघितलं. नक्षीवालीने माठात हात घालायचा नाही हा नियम आलाकेने स्वतःच बाजूला ठेवला. इबिदुनने राख चाळली, तिच्यातून थेंब थेंब पाणी गाळलं, निळीचे नवे गोळे फोडून घातले आणि माठाभोवती पोती गुंडाळून त्याला ऊब दिली. हे सोपं होतं. अवघड पुढचं होतं. झाकण उघडायचं नाही. आत काय चाललंय ते बघायचं नाही. जिला बघितल्याशिवाय घास उतरत नाही ती पोरगी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून माठाशेजारी बसून राहायची. मी तिला खायला मोइनमोइन घेऊन गेले तर म्हणाली, "इया, आत आवाज येतोय. बारीक, बुडबुड्यांसारखा."

"मग उघडून बघ की," मी मुद्दाम म्हटलं.

"नको," ती म्हणाली. हात काही बाहेर काढले नाहीत.

मी तिच्याशेजारी बसले आणि माठाला कान लावला. खरंच काहीतरी आत चाललं होतं. का चाललं होतं, कोण जाणे. एवढ्या वयात मला पहिल्यांदा ते जाणून घ्यावंसं वाटलं. त्या रिकाम्या चौकोनाबद्दल मी पुन्हा काही बोलले नाही.

फ्रीडमच्या दिवशी सकाळी आलाकेने झाकण उचललं, बोट जिभेला लावलं आणि डोळे मिटले. "एका बुडीपुरता जागा आहे," ती म्हणाली. "एकाच." कापड अजून पांढरंच होतं. बायका तर माझ्या अंगणात नटूनथटून बसलेल्या, फोटोवाला आलेला, जोलोफ भाताचं पातेलं चुलीवर.

मेळ्याची प्रमुख इया सिकिरा. तिला मी सांगितलं की कापड वाचायला माठाशी यावं लागेल, तर तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ओलं कापड वाचायचं? खळ लागलेलं? इया तिनुके, तुमच्याकडे जेवायलाही असंच अर्धकच्चं देणार का?"

"जेवण शिजलंय, इया सिकिरा. कापड शिजायचंय. चला."

कुरकुरत सगळ्या भिंतीपलीकडे गेल्या. आलाकेने पानभर कोलानट माठाशी नैवेद्य म्हणून ठेवलं आणि कुणी आवाज चढवू नका म्हणून ओठांवर निळं बोट धरलं. इबिदुनने कापड माठात सोडलं. मग ती थांबली. मी तिचे हात बघत होते, ते मुळीच घाई करत नव्हते. तिने कापड वर उचललं आणि दोरीवर पसरलं.

मधल्या चौकोनात हिरवा उभा होता. आजूबाजूला सरडे होते, विंचू होते, चंद्र होता, पण तिकडे कुणी बघेना. मोकळा, सलग, ओला हिरवा. आणि मग काठाकडून निळा आत यायला लागला. आधी कोपरे गेले, मग कडा, आणि हिरवा मधे मधे सरकत गेला. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला होता. शेवटी मधोमध मुठीएवढा उरला, मग तोही गेला.

इया सिकिराने घसा साफ केला. बायांनी एकेक चौकोन वाचला. सरडा, छत्री, विंचू, मोठा चंद्र, सगळे. मग तिने मधल्या चौकोनावर काठी टेकवली. "आणि हा?"

कुणालाच बोलता येईना. इबिदुनला बोलायची परवानगीच नव्हती. काढणारीने नाव ठेवायचं नाही, वाचणारीने ठेवायचं, ही आमची रीत. तिचा चेहरा उतरला होता. मी तोंड उघडलं, पण मला नाव सुचेना आणि त्या क्षणी मला माझीच चीड आली.

"पाहुणा," आलाके म्हणाली.

सगळ्या वळल्या.

"येतो, पाणी पितो, आणि बस म्हणेपर्यंत उठतो. पाहुणा."

"माठवाली चौकोन वाचत नाही," इया सिकिरा म्हणाली. "आणि यात वाचण्यासारखं आहे काय? वाळलं की नुसती नीळ. रिकामा चौकोन मी मोजणार नाही. जेवून घेऊ, मग कापड वाळल्यावर पुन्हा बघू. कुणी वाचलं तर वाचलं."

कापड माझ्या अंगणातल्या दोरीवर वाळत टाकलं आणि सगळ्या तिथेच जेवायला बसल्या. इबिदुन सगळ्यांना वाढत होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती. तेवढ्यात तिची बहीण एबुन पोचली. इबादानची गाडी वाटेत बंद पडली होती. सगळं चुकलं म्हणून हळहळत ती सरळ दोरीपाशी गेली.

"सुंदर आहे गं! पण हा मधला काढायचा राहिला का?"

"तो पाहुणा आहे," भात खाता खाता एक बाई म्हणाली.

"कोण पाहुणा? इथे तर काही नाही."

"आता नाही. होता. हिरवा होता."

"हिरवा म्हणजे कसा?"

"केळीच्या कोवळ्या पानासारखा," दुसरी म्हणाली.

"छे! पान कुठलं? एवेडूची भाजी उकळी फुटताना दिसते तसा."

"अगं, सरड्याच्या पोटासारखा! मी समोर उभी होते."

एकच कल्लोळ झाला. जिला तिला आपलाच हिरवा खरा वाटत होता आणि बिचारी एबुन रिकाम्या निळ्या चौकोनाकडे डोळे फाडून बघत होती. इया सिकिरा इतका वेळ हाड चोखत बसली होती. तिला ते सहन होईना. हाड ताटलीत टाकून ती उठली, काठीही विसरली, आणि दोरीपाशी येऊन चौकोनावर आपलं बोट ठेवलं.

"एवेडूसारखा? तुमचे डोळे फुटलेत का? एवेडू काळपट असतो. हा आतून उजेड असल्यासारखा होता. इथून, या कोपऱ्यातून आधी गेला, मग इथून. आणि इथे, अगदी इथे, शेवटी थांबला होता पाहुणा!"

सगळ्या तिच्या बोटाकडे बघायला लागल्या. तिच्याही लक्षात आलं. ती बोट तसंच ठेवून उभी राहिली.

"वाचलंत, इया सिकिरा," आलाके म्हणाली.

आधी हसू फुटलं ते तिलाच. मग तिने इबिदुनला पुढे बोलावलं, गुडघ्यांवर बसवलं आणि डोक्यावर हात ठेवून मोकळी केली. मी तिला माझ्या आईचं पीसदान दिलं. ते फोटोत आलंय.

एबुनला परतीची गाडी गाठायची होती, म्हणून सगळं घाईत झालं. बोचकं बांधलं, पातेल्यातला भात डब्यात भरला. मी इबिदुनला पाणी दिलं. ती उभ्यानेच प्याली. मी म्हटलं, "अगं, बस जरा." आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दोघींनाही एकच गोष्ट आठवली असणार. माझी लेक तिनुके लागोसच्या बँकेत गेली तेव्हा मी रडले नव्हते, तिला पगार चांगला होता. या वेळी मी रडले, आणि ते मी कुणापासून लपवलंही नाही.

कापड रीतीप्रमाणे माझ्याकडे राहिलं. माठ पुरता सावरल्यावर आलाकेने त्याला उरलेल्या बुड्या दिल्या आणि आता ते चांगलं काळंनिळं झालंय. येणारी जाणारी विचारते, मधे काढायचं राहिलं का. मी सांगते, पाहुणा आहे. कुणाला पटतं, कुणाला नाही.

काल माझी कापडं घेऊन आलाकेकडे गेले होते. पूर्वी मी बोचकं टाकून लगेच परत फिरायचे. काल तिथेच उभी राहिले. तिने झाकण काढलं, पहिलं कापड बुडवलं आणि नेहमीच्या सवयीने झटक्यात वर उचलायला लागली.

"आलाके," मी म्हटलं, "जरा हळू काढ. बघू दे."